शांता हुबळीकर : अदरगुंचीची राजम्मा, ‘माणूस’ची मैना

केशवापूर (हुबळी) : हुबळीचं नाव मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत पहिल्यांदा ठळकपणे झळकलं ते एका बाईमुळे. शांता हुबळीकर. आजच्या पिढीला नाव विचारलं तर बहुतेक जण मान हलवतात. पण ‘कशाला उद्याची बात’ म्हटलं की घरातलं एखादं म्हातारं माणूस लगेच मान डोलावतं. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘माणूस’ (१९३९) मधलं ते गाणं पडद्यावर नाचत-गात सादर करणारी मैना म्हणजेच शांताबाई.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १९१४ चा, हुबळीजवळच्या अदरगुंची गावातला. मूळ नाव राजम्मा. घरची भाषा कन्नड. आई-वडील लहानपणीच गेले, आजीनं सांभाळलं आणि पुढं हुबळीत दुसऱ्या घरी दत्तक दिलं. गाण्याचं शिक्षण झालं ते इथंच. त्या काळची हुबळी-धारवाड म्हणजे गाण्याचं माहेरघर. सवाई गंधर्व जवळच्याच कुंदगोळचे. गंगूबाई हनगल शांताबाईंपेक्षा जेमतेम एक वर्षानं मोठ्या. त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर ‘गांधारी’ असं नाव छापलेलं असे. कन्नड घरातली मुलगी मराठी पद म्हणते यात तेव्हा कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं. हा सगळा भाग मुंबई इलाख्यातच होता.

लग्नाचं वय झालं तशी एका बऱ्याच मोठ्या वयाच्या माणसाशी त्यांची सोयरीक ठरवण्यात आली. मुलीनं काय करावं? घर सोडलं आणि गदग गाठलं. केशवापुरातून आजही गदग रस्ता निघतो. त्या दिशेनं निघालेली ही मुलगी परत या संसारात आली नाही. तिथून गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत प्रवेश मिळाला, पगार महिना ३० रुपये. गुब्बी कंपनी म्हणजे कन्नड रंगभूमीतलं फार मोठं नाव. आवाज, चेहरा आणि धीटपणा या तिन्ही गोष्टी तिथं घासूनपुसून निघाल्या.

पुढं बोलपटाचं वारं आलं. १९३४ च्या सुमारास मराठी-हिंदी चित्रपटांत छोटी-मोठी कामं मिळू लागली. पण खरं दार उघडलं ते पुण्याच्या प्रभातनं. के. नारायण काळे यांच्या ‘माझा मुलगा’ (१९३८) मध्ये त्या शाहू मोडकांबरोबर दिसल्या. याची हिंदी आवृत्ती ‘मेरा लडका’. आणि लगेच पुढच्या वर्षी व्ही. शांताराम यांनी त्यांना ‘माणूस’मध्ये घेतलं.

‘माणूस’बद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण शांताबाईंची सगळी ओळख या एका चित्रपटावर उभी आहे. १९३५ मध्ये ‘देवदास’ आला होता आणि प्रेमभंग झाला की दारू पिऊन मरायचं अशी हवा तयार झाली होती. शांतारामांनी त्याला उत्तर दिलं. गणपत हा साधा पोलीस शिपाई (शाहू मोडक), मैना ही कोठीवर गाणारी. दोघांचं जुळतं. गणपत तिला आपल्या आईकडं घेऊन जातो, पण त्या देवघरातल्या स्वच्छ घरात मैनेला पाऊल टाकणं जमत नाही. पैशासाठी छळणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो, ती तुरुंगात जाते आणि गणपतनं देऊ केलेली सुटका नाकारते. तो मात्र मरत नाही, कामावर परततो. हिंदी आवृत्तीचं नाव ‘आदमी’. तिथं मैनेची केसर झाली आणि गणपतचा मोती.

मैना रडकी नाही, हेच तिचं बळ. विडा चघळत, पदर सावरत, समोरच्या गिऱ्हाइकाला ओळखून ती बोलते. नाच म्हणजेही मोठा सजवलेला रंगमंच नव्हे. कोंदट खोलीत ठेक्यावर केलेली अदा. त्या प्रसिद्ध गाण्यात तर गंमत आहे. वेगवेगळ्या प्रांतांतली गिऱ्हाइकं समोर बसलेली आणि मैना त्यांना त्यांच्या त्यांच्या भाषेत गाऊन दाखवते. मराठीखेरीज तमिळ, तेलुगू, बंगाली अशी कडवी त्यात आहेत. गीत अनंत काणेकरांचं, संगीत मास्टर कृष्णरावांचं. दोन भाषांत वाढलेल्या हुबळीच्या मुलीला हे जमलं नसतं तरच नवल. दुसऱ्या एका प्रसंगात गणपत आणि मैना त्या वेळच्या मुंबईच्या चित्रपटातल्या झाडाखालच्या गुलुगुलु प्रेमाची नक्कल करतात. तो भाग आजही हसवतो. बाईंचं विनोदाचं अंग तिथं दिसतं. पुढच्या निर्मात्यांनी ते फारसं वापरलं नाही, हे आपलं नुकसान.

यश मिळालं आणि त्याच सुमारास लग्नही झालं. चित्रपट कमी होत गेले. विश्राम बेडेकरांचा ‘पहिला पाळणा’ (१९४२), हिंदीतला ‘घर संसार’ अशी नावं सांगता येतात. त्यातलं एक आपल्या भागासाठी महत्त्वाचं : १९४२ चाच कन्नड ‘जीवन नाटक’. तो काढला गुब्बी वीरण्णांनी, म्हणजे जिथं तीस रुपयांवर सुरुवात झाली त्याच कंपनीनं, आणि नायिका शांताबाई. पन्नासच्या दशकानंतर मात्र त्या पडद्यावरून जवळजवळ नाहीशाच झाल्या.

नंतरचा काळ वाईट गेला. पैसा टिकला नाही, घरही टिकलं नाही. उतारवयात त्या आश्रमात राहिल्या. ‘माणूस’ची मैना अजून हयात आहे हेसुद्धा पुष्कळांच्या गावी नव्हतं. शोध लागल्यावर पुन्हा मुलाखती आल्या, सत्कार झाले. आत्मचरित्र निघालं, नाव तेच, ‘कशाला उद्याची बात’. पोरकेपण, पळून जाणं, कंपनीचे दिवस, संसारातली ओढाताण, सगळं त्यांनी मराठीत सांगितलं. १७ जुलै १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

याच परिसरानं सिनेमाला आणखी एक मोठी नटी दिली, धारवाडच्या लीला चिटणीस. त्यांच्यावर पुष्कळ लिहून आलं. शांताबाईंच्या वाट्याला तेवढं आलं नाही.

आणि अदरगुंचीचं म्हणाल तर त्या गावाचं नाव कर्नाटकात वेगळ्याच कारणानं घेतलं जातं. कर्नाटक एकीकरणासाठी १९५३ मध्ये शंकरगौडा पाटलांनी जे उपोषण केलं, ते याच गावात. एका गावानं कन्नड राज्यासाठी उपोषण करणारा नेता दिला आणि मराठी पडद्याला मैना दिली. राज्यं, सीमा, नावं सगळं बदललं, बाईंनी मात्र ‘हुबळीकर’ हे नाव शेवटपर्यंत लावलं.