फाइलच्या वाटेवरचा ‘य’

मूर्तिजापूर जंक्शनला नॅरोगेजचे दोन फाटे फुटत. एक यवतमाळकडे, दुसरा अचलपूरकडे. संगणकातील फाइलींची मांडणीही अशीच फाट्याफाट्यांची असते. एका डिरेक्टरीत दुसरी, तिच्यात तिसरी. वाट लिहिताना प्रत्येक फाट्यावर तिरकी रेघ द्यायची: /वऱ्हाड/मूर्तिजापूर/यवतमाळ. ही वाट देवनागरीत लिहिण्याची वेळ आली तेव्हा गाडी अडणार होती ती नेमकी यवतमाळच्या ‘य’वर.

या झाडासारख्या मांडणीचे वर्णन डेली आणि न्यूमन यांनी १९६५ साली मल्टिक्स या प्रणालीसाठी केले. बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडलेल्या युनिक्सने ती उचलली आणि तिरकी रेघ रूढ केली. डॉसच्या १९८१ च्या पहिल्या आवृत्तीत डिरेक्टरी नव्हतीच; ती १९८३ साली आली. तेथे नावाला आठच अक्षरे व वर तीन अक्षरी शेपूट. रोमन लिपीतील दहा अक्षरी मूर्तिजापूर ‘मुर्तिझाप’वरच थांबे!

युनिक्सच्या गाभ्याला अक्षरे कळत नाहीत. त्याला दिसतात फक्त बाईट, म्हणजे ० ते २५५ मधील संख्या. वाटेचे तुकडे पाडताना तो दोनच संख्या पाहतो. ४७ म्हणजे तिरकी रेघ आणि ० म्हणजे वाट संपली.

आपल्या इस्की या मानकात देवनागरीचे एकेक चिन्ह एका बाईटमध्ये बसत असे. परंतु जगातील सर्व लिप्या एकत्र आणायच्या तर २५६ घरे कशी पुरणार? म्हणून १९९१ च्या युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दोन बाईट दिले. त्यात ‘य’चा क्रमांक २३५१, म्हणजे ९ × २५६ + ४७. त्याचे दोन बाईट झाले ९ आणि ४७. यवतमाळच्या पहिल्याच अक्षराच्या पोटात तिरकी रेघ! साध्या रोमन अक्षरांची गत याहून वाईट. त्यांच्या दोन बाईटांपैकी एक ०, म्हणजे नाव तेथेच तुटले.

गाभा बदलायचा तर त्यावर चालणारे असंख्य प्रोग्रॅमही बदलावे लागले असते. फाइलींच्या नावांना बाधा न आणणारी संकेतपद्धती एक्स-ओपन हा गट शोधत होता. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन यांनी न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, रॉब पाइक सोबत असताना, टेबलावरच्या कागदावर तिचा सुधारित आराखडा मांडला. जुनी रोमन चिन्हे १२८ च्या आत जशीच्या तशी ठेवायची. इतर चिन्हांचा प्रत्येक बाईट १२८ किंवा त्याहून मोठा. ‘य’ झाला २२४, १६४, १७५. ४७ कोठेच नाही! हीच यूटीएफ-८. देवनागरीचा गंधही नसलेल्या गाभ्यातून देवनागरी नावे सुखरूप पार होऊ लागली.

याची किंमत आहेच. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाईट लागतात, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. ‘मूर्तिजापूर’ची ११ चिन्हे म्हणजे ३३ बाईट. लिनक्सवर नावाला सहसा २५५ बाईट मिळतात, तेव्हा हे परवडते. मला खटकते ते वेगळेच. ‘वऱ्हाड’मधील ‘ऱ’ एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा ‘र’ला नुक्ता जोडूनही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाईट मात्र वेगळे. त्यामुळे लिनक्सवर एकाच डिरेक्टरीत दोन ‘वऱ्हाड’ शेजारी शेजारी नांदू शकतात, आणि एकात ठेवलेली फाइल दुसऱ्यात शोधत बसावे लागते.