माळ्यावरचे चर्च

घराला माळा असणे आणि माळ्याचे घर करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या कौलारू घरांच्या माळ्यावर पावसाळ्याची बेगमी, जुन्या पेट्या, मोडका पाळणा असे काहीबाही पडून असते. मग कुटुंब वाढते, धाकट्याचे लग्न ठरते, आणि कोणीतरी मान वर करून म्हणते, ‘अरे, एवढी जागा वाया जाते आहे!’ सुताराला बोलावणे जाते. जाणता सुतार आधी जिना कोठून चढवायचा ते पाहतो, मग आढ्याखाली माणूस ताठ उभा राहील का ते मोजतो आणि अखेरीस विचारतो, उजेड कोठून घ्यायचा? छपराला हात न लावता आतूनच जागा मोकळी करावी आणि फार तर पाख्यात काचेचा झरोका बसवावा. किंवा पाखे फोडून त्यातून खिडकी बाहेर काढावी व तिच्यावर छोटे छप्पर घालावे. किंवा सारे छप्पर उतरवून अधिक उभ्या पाख्यांचे नवे चढवावे. वाटा मुख्यतः या तीन.

यांतली कोणती निवडायची हे मालकाच्या ऐपतीवर ठरते असे आपण धरून चालतो. परंतु ते पुष्कळदा रस्त्यावरून काय दिसू द्यायचे यावरही ठरते, आणि दिसणे-न-दिसणे ही गोष्ट नेहमीच घरमालकाच्या हातची नसते. हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहरात यान हार्टमन नावाच्या एका व्यापाऱ्याने सतराव्या शतकात आपल्या माळ्याचे जे केले, ते म्हणूनच आपल्या वाचकांसमोर ठेवावेसे वाटते.

१५७८ साली त्या शहरात सत्तापालट झाला. कॅथलिक नगरपिते पदच्युत झाले, प्रोटेस्टंटांच्या हाती कारभार आला, आणि शहरातील जुनी चर्चमंदिरे नव्या पंथाच्या उपासनेसाठी घेण्यात आली. पुढल्याच वर्षी, १५७९ साली, उत्रेख्तच्या करारात एक कलम घालण्यात आले होते: श्रद्धेपायी कोणाचाही छळ वा चौकशी होऊ नये. त्या काळाच्या मानाने ही मोठीच उदारता. मात्र मनातली श्रद्धा निराळी आणि चारचौघांतली उपासना निराळी, असा भेद राज्यकर्त्यांनी केला. कॅथलिकांनी कॅथलिक राहावे, परंतु त्यांची मिस्सा उघड होऊ नये, रस्त्यावरून तिची खूण दिसू नये. मनोरा नको, घंटा नको, मिरवणूक तर नकोच. अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. अशी घरे कोठे आहेत हे ते जाणून होते आणि कानाडोळा करण्याबद्दल कॅथलिकांकडून पैसेही घेत असत. ‘दडलेली चर्चे’ हे नाव पुढे एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. ते थोडे फसवे आहे. ती कोणापासून दडलेली नव्हती, ती फक्त दिसत नव्हती.

हार्टमन हा जर्मन मुलखातून आलेला कॅथलिक. त्याने १६६१ साली शहराच्या अगदी जुन्या भागात, आउडेझाइड्स फोरबुर्गवाल या कालव्याच्या काठी एक घर घेतले. त्यासोबत बाजूच्या बोळातील, त्याच घराला मागून लागून असलेली दोन छोटी घरेही घेतली. त्या गावची घरे आपल्या वाड्यांसारखी ऐसपैस नसतात. दर्शनी बाजू अरुंद, खोली पुष्कळ आणि उंची त्याहून पुष्कळ. दलदलीत लाकडी खांब ठोकून त्यांवर ती उभी केलेली. जिने इतके अरुंद आणि उभे की मोठे सामान त्यावरून नेण्याची सोय नाही. म्हणून दर्शनी भिंतीच्या शेंड्याला एक तुळई पुढे काढलेली असते, तिला आकडा व कप्पी असते, आणि माल दोराने ओढून थेट वरच्या दारातून आत घेतात. ओल खाली राहते, पुराचे पाणी खाली राहते; व्यापाऱ्याचा माल माळ्यावर कोरडा राहतो. म्हणजे माळा ही तेथे अडगळ नव्हे. घराची कमाई तेथे साठवलेली असे.

ही कमाईची जागा हार्टमनने उपासनेला दिली. तीन घरांचे माळे एका रांगेत होते. त्यांच्यामधल्या भिंती काढल्या की एक लांबलचक दालन मिळत होते. पण ते दालन ठेंगणे. वेदी उभारायची, दीडशेच्या आसपास माणसे बसवायची, तर उंची हवी. छप्पर उचलले असते तर कालव्यापलीकडून कोणालाही दिसले असते. खिडक्यांची रांग बाहेर काढली असती तरी तेच. तेव्हा बाहेर वाढण्याचे दोन्ही मार्ग बंद होते आणि राहिला तो आतला. त्याने वरच्या मजल्यांच्या जमिनी मधोमध कापून काढल्या. वरचे तीन मजले मिळून एकच उंच पोकळी झाली, आणि कापलेल्या जमिनींच्या ज्या कडा दोन्ही बाजूंना उरल्या, त्यांचे एकावर एक असे दोन सज्जे झाले.

हे वाचायला सोपे आहे. सुताराला विचारा. जमिनीच्या तुळया दोन समोरासमोरच्या भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवतात. मधूनच कापल्या की भिंतींचा तो बंध सुटतो, आणि उरलेल्या तुकड्याचे एक टोक अधांतरी लोंबते. त्याला खालून खांब द्यावा तर बसायची जागा जाते आणि मागच्यांना वेदी दिसत नाही. म्हणून सज्जे लोखंडी गजांनी वरच्या छपराच्या सांगाड्याला टांगले. खालून टेकू देण्याऐवजी वरून धरणे, ही युक्ती मला त्या साऱ्या इमारतीतील सर्वांत धीट गोष्ट वाटते. मिस्सेला आलेल्या माणसांचा भार ज्या छपराने पेलला, ते मुळात फक्त पावसासाठी बांधलेले होते.

काम १६६३ पर्यंत पुरे झाले. ऑगस्टीनियन संघाचे पेत्रुस पार्मेंटियर हे तेथील पहिले धर्मगुरू. (याच शतकात आपल्या वसईच्या किल्ल्यात ऑगस्टीनियनांचा मठ पोर्तुगीज राजाच्या छत्राखाली उजळ माथ्याने नांदत होता, आणि त्याच राजाच्या मुलखात हिंदूंना आपली देवपूजा उघडपणे करण्याची बंदी होती. ॲमस्टरडॅमच्या कॅथलिकांची कथा आपण जिव्हाळ्याने वाचतो. तेव्हा ही गोष्टही विसरू नये.) भाविक बोळातल्या बाजूच्या दाराने येत, अरुंद जिने चढत. खाली हार्टमनचे कुटुंब राहत होते. त्यांची बैठकीची खोली संगमरवर व कोरीव लाकडाने सजवलेली आजही पाहावयास मिळते. डोक्यावर दीडशे माणसे गुडघे टेकत असताना खाली घर चालवणाऱ्या त्या गृहिणीबद्दल कोणी काही लिहून ठेवलेले नाही.

जागेची टंचाई मात्र सरली नाही. अठराव्या शतकात वेदीची नवी मांडणी झाली, तेव्हा तिच्यावर याकोब द वित या चित्रकाराचे १७१६ सालचे प्रभूच्या बाप्तिस्म्याचे चित्र आले. वेदीचे स्तंभ संगमरवरी भासतात, ते आहेत रंगवलेल्या लाकडाचे; छपराला टांगलेल्या इमारतीत दगड चढवणे शहाणपणाचे नव्हतेच. प्रवचनपीठाला तर जागाच उरली नव्हती. ते वेदीच्या स्तंभाच्या पोकळ पायथ्यात घडी करून बसवले आहे. प्रवचनाची वेळ झाली की बाहेर काढायचे, संपले की आत ढकलायचे. १७९४ साली एक ऑर्गनही वर चढला.

याच सुमाराला इतरत्र माळ्याचा प्रश्न निराळ्या कारणांनी सुटत होता. पॅरिसमध्ये फ्रान्स्वा मान्सार (१५९८–१६६६) या वास्तुशिल्पीच्या नावाने ओळखले जाणारे छप्पर रूढ झाले. त्याचा खालचा भाग जवळजवळ उभा, वरचा जवळजवळ सपाट. असे छप्पर त्याच्या आधीही बांधले जात होते, नाव तेवढे त्याचे राहिले. पुढे १७८३ च्या नियमाने दर्शनी भिंतीच्या उंचीला मर्यादा घातली. मग लोकांनी भिंत नियमात ठेवली आणि छप्पर फुगवले. त्या फुगलेल्या छपरात नंतर श्रीमंतांच्या मोलकरणींच्या खोल्या झाल्या, उन्हाळ्यात तापणाऱ्या आणि हिवाळ्यात गोठणाऱ्या.

लंडनच्या स्पिटलफील्ड्स वस्तीत तिसरीच तऱ्हा. फ्रान्सच्या कॅथलिक राजाने १६८५ साली नांतचे फर्मान रद्द केले, प्रोटेस्टंटांचे तेथील संरक्षण गेले, आणि ह्युगनो विणकर हजारोंनी देशोधडीला लागले. त्यांच्यातले पुष्कळ या वस्तीत रेशीम विणू लागले. रेशमाचा धागा बारीक, त्याला भरपूर उजेड लागतो. म्हणून तेथील घरांच्या माळ्यांना दर्शनी बाजूची रुंदी व्यापणाऱ्या खिडक्या काढल्या गेल्या. तेथे लपवायचे काही नव्हते. एका माळ्यावर प्रोटेस्टंट राज्यात कॅथलिक दिसेनासे होऊन बसले, दुसऱ्यावर कॅथलिक राज्यातून पळालेले प्रोटेस्टंट उजेडात येऊन बसले.

१७९६ साली नव्या बटेव्हियन प्रजासत्ताकाने राज्य आणि धर्म यांची फारकत केली, आणि उघड उपासनेला कायद्याची आडकाठी उरली नाही. तरीही हार्टमनच्या माळ्यावरची मिस्सा पुढे नव्वद वर्षे चालूच राहिली. गरीब आणि विखुरलेल्या समाजाला मोठे चर्च बांधायला वेळ लागतो, शिवाय सवयही सुटत नाही. १८८७ साली जवळच, स्टेशनासमोर, संत निकोलसचे भव्य दुमनोरी, घुमटाचे चर्च उभे राहिले आणि माळा रिकामा झाला. तो मोडून टाकला जाणार होता. काही कॅथलिकांनी मंडळ स्थापून तो वाचवला. २८ एप्रिल १८८८ रोजी तेथे संग्रहालय उघडले. ‘माळ्यावरील आमचा प्रभू’ हे त्याचे आजचे नाव. २०१५ पासून शेजारच्या इमारतीतून, जमिनीखालच्या वाटेने पाहुण्यांना आत नेतात, कारण एवढ्या वर्दळीचा भार त्या जुन्या घराच्या दाराला झेपेना. जिने मात्र तेच आहेत, तितकेच उभे, आणि रस्त्यावरून पाहाल तर आजही ते एका व्यापाऱ्याचे घरच दिसते.