'देवाचा कायदा' : अर्थ लावणारा कोण?

कायदा देवाने दिला, असे कोणी सांगितले की आम्ही एकच प्रश्न विचारतो : त्याचा अर्थ कोण लावणार? पाश्चात्त्य जगात याच प्रश्नावर शतकानुशतके भांडण झाले आणि त्याचा एक धागा आपल्या नगर जिल्ह्यापर्यंत येतो.

सिनाय पर्वतावर मोशेला देवाने आज्ञा दिल्या, ही ज्यू आणि ख्रिस्ती श्रद्धा. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने शाश्वत, नैसर्गिक, मानवी आणि दैवी असे कायद्याचे चार प्रकार मांडले. अन्यायी मानवी कायद्याला कायदा म्हणताच येत नाही, असेही त्याने ठरवले. म्हणजे देवाच्या नावाने राजालाही जाब विचारता येत होता. पण सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट फिल्मरने त्याच बायबलमधून राजाची सत्ता देवदत्त ठरवली आणि जॉन लॉकने त्याच बायबलच्या आधारे ती खोडून काढली. अमेरिकेत गुलामांचे मालक आणि गुलामगिरीचे विरोधक, दोघांच्याही हाती बायबलच होते.

१८३१ साली अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. त्याची मातृसंस्था बोस्टनची. ही संस्था गुलामगिरीविरुद्ध ठाम उभी राहत नाही म्हणून संतापलेल्या ख्रिस्ती लोकांनी १८४६ साली वेगळी संस्था काढली. देवाचा कायदा सांगणाऱ्यांतच फूट पडली होती.

तरीही देवापुढे सगळे सारखे, हा विचार नगरला आला आणि त्यातून शाळा निघाल्या. मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. मात्र ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी निर्मिक मानला, पण निर्मिकाचा एकमेव ग्रंथ आणि त्याचा मक्तेदार भट नाकारला.

बाबासाहेब त्याच्याही पुढे गेले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये त्यांनी मूळ दुखणे दाखवले : ज्याला धर्म म्हणतात तो नियमांचा म्हणजे कायद्यांचाच संच आहे, आणि धर्माचे नाव लागल्यामुळे तो बदलता येत नाही. धम्मात त्यांनी देवाच्या जागी नीती ठेवली. कारण नीती तपासता येते.

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने करावी, अशी दुरुस्ती आली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. आपल्या कायद्याचा कर्ता 'आम्ही भारताचे लोक' आहोत. आपण केलेला कायदा आपणच बदलू शकतो.

आजही याची गरज आहे का, असे विचारणाऱ्यांनी सोनई आठवावे. २०१३ साली याच जिल्ह्यात आंतरजातीय प्रेमावरून तीन दलित तरुणांचे खून झाले. मारणाऱ्यांच्या डोक्यात संविधान नव्हते. जातीची मर्यादा होती, तीही देवानेच घातल्यासारखी.

म्हणून तरुण मित्रांनो, परंपरेचा, देवाचा, ग्रंथाचा हवाला कोणीही दिला, आपल्यातल्याने दिला तरी, विचारा : हे कोणी ठरवले? फायदा कोणाचा? बदलायचे तर कोणाला विचारायचे? उत्तर मिळेपर्यंत मान्य करू नका.

जय भीम.