पद, बैजिक

बैजिक राशीत अधिक किंवा उणे चिन्हाने वेगळा होणारा प्रत्येक घटक म्हणजे पद होय. ५अब − ३अ + ८ या राशीत +५अब, −३अ आणि +८ अशी तीन पदे आहेत. ५, अ व ब हे पहिल्या पदाचे अवयव असून ती स्वतंत्र पदे नव्हेत. चिन्ह हा पदाचाच भाग असतो. तो वगळल्यास पुढील सर्व आकडेमोड चुकते.

भारतीय बीजगणितात पदे ओळखण्याचे काम चिन्हांऐवजी नावांनी साधले जाई. ब्रह्मगुप्ताच्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात (इ. स. ६२८) अव्यक्त राशींना ‘वर्ण’ म्हटले आहे. भास्कराचार्यांच्या (जन्म इ. स. १११४) बीजगणित या ग्रंथात पहिली अव्यक्त राशी यावत्तावत् (या), दुसरी कालक (का), तिसरी नीलक (नी) अशा संज्ञा असून ज्ञात संख्येस रूप (रू) व अव्यक्तांच्या गुणाकारास भावित (भा) म्हटले आहे. वरील राशी त्या पद्धतीने याकाभा ५ या ३̇ रू ८ अशी लिहिली जाईल. ऋणत्वदर्शक बिंदू अंकावरच असल्याने चिन्ह पदापासून सुटत नसे. अधिकचिन्हाची गरजच नव्हती. नाव बदलले की पद बदलले.

समीकरणाचे दोन पक्ष एकाखाली एक मांडून सजातीय पदे एका स्तंभात आणीत. नसलेल्या पदाच्या जागी शून्य लिहीत. ‘या ५ रू ८’ व ‘या ३ रू २०’ हे पक्ष समान असता या ३ व रू ८ यांचे शोधन केल्यावर या २ = रू १२ उरते; म्हणून या = ६. विजातीय पदांची मात्र बेरीज होत नाही. ती पृथकच राहतात.

ही परंपरा महाराष्ट्रात दीर्घकाळ टिकली. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचे चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखावरून कळते. पार्थपूरच्या (पाथरी) सूर्यदासाने १५३८ मध्ये बीजगणितावर टीका लिहिली. विदर्भातील पयोष्णीकाठच्या दधिग्रामातून काशीस गेलेल्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञाने नवांकुर या टीकेत नियमांच्या उपपत्ती दिल्या व ऋणत्व म्हणजे वैपरीत्य, असे विवरण केले.

यूरोपात व्हिएत (१५९१) व देकार्त (१६३७) यांच्यानंतर अक्षरसंकेत रूढ झाले. त्यांत चिन्ह पदांच्या मधोमध येते. त्यामुळे ते क्रियेचे की पदाचे, असा संभ्रम नवशिक्यास पडतो. भारतीय पद्धतीत हा प्रश्नच उद्भवत नव्हता. पुण्यात जन्मलेल्या व नागपुरात भास्कराचार्यांचे ग्रंथ अभ्यासलेल्या बापूदेव शास्त्रींनी १८५० मध्ये हिंदीत बीजगणित प्रसिद्ध केले.

भास्कराचार्यांच्या ग्रंथात ‘पद’ शब्दाचा अर्थ वर्गमूळ असा आहे. श्रेढीगणितात तो घटकांच्या संख्येसाठी येतो. राशीच्या घटकास तेथे ‘खंड’ म्हणत. आज यवतमाळसह राज्यभरातील मराठी शाळांत पद हीच संज्ञा रूढ असून एकपदी, द्विपदी, बहुपदी, सजातीय पदे हे शब्द तिच्यावरूनच बनले आहेत.