जुन्या रेडिओचे वय आणि त्याचे दुखणे

मे महिना आला की आपल्या वस्त्यांतून गॅरेज सेलच्या पाट्या लागू लागतात. मुलांच्या सायकली, जुनी भांडी, पुस्तकांची खोकी, आणि त्यांच्या शेजारी एखादे वेळी एक जड लोखंडी पेटी. मोठा डायल, दहा-बारा बटणे, आणि वर चिकटवलेली चिठ्ठी : "हॅम रेडिओ. शेवटी लावला तेव्हा चालू होता." शेवटी म्हणजे कधी, हे विकणाऱ्याला ठाऊक नसते, कारण पेटी त्याच्या वडिलांची किंवा सासऱ्यांची असते. लायसन्स काढून हौसेखातर जगभर संदेश पाठवणाऱ्या मंडळींना इथे हॅम म्हणतात. त्यांच्यातला कोणी गेला की त्याला "सायलेंट की" म्हणण्याची रीत आहे, म्हणजे ज्याची मोर्सची कळ आता वाजत नाही असा. अमेरिकेत १९५१ साली नवशिक्यांसाठी "नोव्हिस" नावाचे सोपे लायसन्स निघाले. त्या आणि त्यानंतरच्या दशकात ज्या मुलांनी ते काढले, त्यांची पिढी आता मावळते आहे आणि त्यांच्या पेट्या तळघरांतून बाहेर पडत आहेत.

आपल्या मंडळातल्या दोन-तीन घरीही अशा पेट्या आल्या. "चालू कशी करायची?" असा प्रश्न मला विचारला गेला. थोडक्यात उत्तर असे की लगेच प्लग लावू नका. सविस्तर उत्तरासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण या यंत्रांचे दुखणे त्यांच्या वयावरून ओळखता येते. कोणत्या काळात काय स्वस्त होते आणि कारखान्यात काय वापरात होते, त्यावर आज काय बिघडलेले असेल ते ठरते. मी व्यवसायाने रसायनशास्त्राचा माणूस आहे, त्यामुळे आतल्या भागांचे काय झाले असेल याकडे माझे लक्ष आधी जाते, हेही कबूल करतो.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या शिलकी मालापासून करू. युद्ध संपल्यावर विमानांतले आणि रणगाड्यांतले हजारो रेडिओ संच लष्कराने मातीमोल विकले. हौशी लोकांनी ते घेऊन घरच्या वापरासाठी बदलले. विमानातले संच २८ व्होल्ट डीसीवर चालणारे असल्याने प्रत्येकाला नवा वीजपुरवठा बांधावा लागे. तो बहुधा स्वयंपाकघराच्या टेबलावर बांधलेला असे, आणि आज धोका असतो तो त्यातच. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. त्या काळच्या लष्करी मीटरच्या आकड्यांवर रेडियमचा रंग असे, अंधारात चमकावा म्हणून. आता तो चमकत नाही, तेव्हा लोकांना वाटते की रेडियम संपले. संपलेला असतो तो चमकणारा झिंक सल्फाइड. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचे आहे, त्याच्या दृष्टीने युद्ध कालच झाले. काच शाबूत असेल तर घाबरण्याचे कारण नाही, पण असा मीटर उघडू नये, खरवडू नये, आणि मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नये.

यानंतरचा मोठा अध्याय हीथकिटचा. गॅरेज सेलमध्ये आपल्याला सापडण्याचा संभव त्यांच्याच पेटीचा सर्वांत जास्त, म्हणून इथे जरा थांबू.

एडवर्ड हीथ हा शिकागोचा गृहस्थ विमानवेडा होता. १९२६ च्या सुमारास त्याने "पॅरासोल" नावाचे छोटे विमान काढले, आणि ते सुट्या भागांत विकले. भाग घ्या आणि घरी जोडा! १९३१ साली एका नव्या विमानाची चाचणी घेताना तो मरण पावला. पुढे १९३५ मध्ये हॉवर्ड अँथनीने ती बुडालेली कंपनी विकत घेतली आणि मिशिगनमधल्या बेंटन हार्बरला नेली. युद्धानंतर त्याने इलेक्ट्रॉनिक भागांचा मोठा शिलकी साठा घेतला. त्यातल्या पडद्याच्या नळ्या वापरून १९४७ साली ३९ डॉलर ५० सेंटला ऑसिलोस्कोपचा संच काढला. तयार ऑसिलोस्कोप तेव्हा कित्येक पटींनी महाग होता, त्यामुळे शाळा, दुरुस्तीवाले आणि हौशी लोक यांच्या उड्या पडल्या. विमान सुट्या भागांत विकण्याची युक्ती रेडिओला लागू झाली ती अशी. दुर्दैव असे की १९५४ मध्ये अँथनीही विमान अपघातातच गेला.

यानंतर कंपनीचे मालक बदलत गेले : डेस्ट्रॉम, १९६२ पासून श्लमबर्जर, १९७९ पासून झेनिथ. पण हौशी रेडिओचे संच निघत राहिले. कॉलिन्स कंपनीचे यंत्र त्या काळी या छंदातले सोन्याचे पान समजले जाई. ज्यांना ते परवडत नसे त्यांच्यासाठी हीथने १९६० च्या दशकात तशाच धाटणीची एसबी मालिका काढली, आणि त्याहून स्वस्तात एचडब्ल्यू मालिका. १९७० साली आलेला एचडब्ल्यू-१०१ तर घरोघर पोचला.

हीथकिटचे खरे वैभव म्हणजे त्यांचे मॅन्युअल. प्रत्येक पायरीच्या आधी एक कंस, काम झाले की त्यात खूण करायची. कोणत्या टोकाला किती तारा आल्या म्हणजे डाख लावायचा आणि कुठे अजून लावायचा नाही, हेसुद्धा अक्षरांनी लिहिलेले. नळाच्या कामात वापरतात ते आम्लाचे सोल्डर वापरू नका, फक्त राळेचे वापरा, ही ताकीद ठळक अक्षरात असे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती वाचून बरे वाटते. आम्लाच्या सोल्डरमध्ये झिंक क्लोराइड असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि वर्षानुवर्षे तांबे खात बसते. राळ मात्र थंड झाली की निमूटपणे पडून राहते.

ज्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून ट्रान्झिस्टर जोडला असेल, त्यांना या मॅन्युअलचे मोल लगेच कळेल. तिकडे सर्किट एका कागदावर असे आणि बाकी सारे दुकानदाराच्या मर्जीवर!

या इतिहासातून खरेदीचा एक नियम निघतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हीथकिट कारखान्यात जोडले गेले नाही, त्यामुळे सारखी दिसणारी दोन एचडब्ल्यू-१०१ ही दोन वेगळ्या माणसांची यंत्रे असतात. पेटीवरचे नाव पाहू नका, बांधणाऱ्याचा हात पाहा. झाकण काढायला सांगा. डाख गुळगुळीत, चकचकीत आणि तारेला बिलगलेला असला तर ठीक. गोळीसारखा फुगलेला, मळकट असेल तर तिथे आज ना उद्या बिघाड येणारच. तारांवर हिरवी भुकटी दिसली तर कोणीतरी आम्लाचे सोल्डर वापरले असण्याची शक्यता धरा आणि पेटी तिथेच ठेवा. मूळ मॅन्युअल सोबत असेल आणि त्यात सगळ्या खुणा असतील तर चार डॉलर जास्त द्यायला हरकत नाही.

आता आतल्या दुखण्यांकडे वळू. जुन्या रेडिओतला पहिला संशयित म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, दर व्होल्टला सुमारे दीड नॅनोमीटर इतकाच. तोच थर वीज अडवून धरतो. यंत्र चालू असते तेव्हा आतल्या द्रावामुळे हा थर आपोआप दुरुस्त होत राहतो. वीस-तीस वर्षे यंत्र बंद राहिले की थर कमकुवत होतो. अशा वेळी एकदम १२० व्होल्ट दिले तर तो फुटतो, प्रचंड प्रवाह वाहतो, आणि कपॅसिटरबरोबर ट्रान्सफॉर्मरही जळतो. कपॅसिटर मिळतो, तो ट्रान्सफॉर्मर मात्र आता कोणी बनवत नाही. म्हणून व्होल्टेज हळूहळू, काही तासांत वाढवत न्यावे, म्हणजे थर पुन्हा जमतो. त्यासाठी व्हेरिअ‍ॅक नावाचे उपकरण लागते. ते नसेल तर यंत्राच्या मार्गात एक साधा तारेचा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब जोडावा. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लखलखत राहिला तर आत शॉर्ट आहे. पण द्राव वाळूनच गेला असेल तर कोणत्याच उपायाचा उपयोग नाही. माझे स्वतःचे मत, कपॅसिटर नवेच घालावेत. घालताना अधिक-उणे टोके दोनदा तपासावीत, उलटा लागलेला कपॅसिटर फुटतो.

त्याहून जुन्या, १९५० च्या दशकातल्या संचांत मेणकागदाचे कपॅसिटर असतात. कागद ओलावा घेतो, आत आम्ल तयार होते आणि वीज गळू लागते. ते तपासत बसू नये, सरसकट बदलावेत. जुने कार्बनचे रेझिस्टर ओलाव्यामुळे चढतात, म्हणजे त्यांचा अडथळा वाढत जातो. हे मात्र मीटरने एकेक मोजावे लागतात. सेलेनियमचे रेक्टिफायर असलेले संचही सापडतात, बारीक पत्र्यांच्या चवडीसारखे ते दिसतात. ते जळले की कुजक्या मुळ्यासारखा भयंकर वास येतो, आणि तो वायू विषारी असतो. खिडक्या उघडून लगेच बाहेर पडावे. त्यांच्या जागी सिलिकॉन डायोड बसतो, पण त्यात व्होल्टेज कमी खर्च होत असल्याने सोबत एक रेझिस्टर घालावा लागतो. हा रेझिस्टर पुष्कळजण विसरतात. व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे आजोबांच्या मर्फी रेडिओतले वॉल्व्ह, दिसतात तितके नाजूक नसतात. काचेच्या आतला चंदेरी डाग बेरियमचा असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा गेली आणि ट्यूब मेली, हे विकत घेण्यापूर्वीच कळते.

सर्वांत गंभीर गोष्ट विजेची. एचडब्ल्यू-१०१ च्या वीजपुरवठ्यात सुमारे ८०० व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये राहू शकतात. ते रिकामे करणारा रेझिस्टर आत असतो, पण तोच तुटला असेल तर? प्लग काढा, थांबा, मीटरने मोजा, मग हात घाला. दुसरा हात खिशात ठेवावा, म्हणजे वीज छातीतून पार जाण्याची वाट राहत नाही. दोन पायांचा जुना प्लग असेल तर तीन पायांची वायर लावून पेटीला अर्थिंग करून घ्यावे.

पेटीसोबत पुष्कळदा रंगाच्या डब्यासारखा दिसणारा एक डबा फुकट देऊ करतात. हीथचे ते "कँटेना". ट्रान्समीटरची शक्ती ॲन्टेनाऐवजी त्यात जिरवून चाचणी घ्यायची. आत सुमारे गॅलनभर तेल असते. ते ट्रान्सफॉर्मरचे जुने तेल असेल तर त्यात पीसीबी असू शकतात, ज्यांच्या उत्पादनावर अमेरिकेत १९७९ पासून बंदी आहे. वासावरून किंवा रंगावरून ओळखता येत नाही. सांडू नका, सिंकमध्ये ओतू नका, कौंटीच्या घातक कचरा विभागाला विचारा. खरे तर असा डबा घेऊच नका.

१९७० नंतर जपानी यंत्रे आली : याएसू, केनवूड, आयकॉम. पहिली बरीचशी संमिश्र होती, बहुतेक काम ट्रान्झिस्टरवर आणि शेवटची शक्ती ट्यूबवर. यात एक भेद पाहावा. केनवूडच्या टीएस-५२० मधल्या ट्यूबला पर्याय मिळतो. याएसूच्या एफटी-१०१ च्या बहुतेक नमुन्यांत रंगीत टीव्हीसाठी केलेली ट्यूब होती, आणि तसे टीव्ही गेल्यावर ती दुर्मीळ झाली. १९८० च्या दशकातल्या आयकॉमच्या काही संचांत, उदाहरणार्थ आयसी-७५१ आणि आयसी-७४५, यंत्राची आज्ञावलीच बॅटरीवर टिकून राहणाऱ्या स्मृतीत होती. ती छोटी बॅटरी संपली की चांगले यंत्र दगड होते. बॅटरी कधी बदलली हे विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यानंतरच्या काळातले बारीक कपॅसिटर उणे टोकाशी गळतात, आणि तो अल्कलीयुक्त द्राव बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातो. झाकण उघडल्यावर मासळीसारखा वास आला तर हेच झाले आहे.

हीथने १९९२ साली संच विकणे बंद केले. मुलांना हाताने काम करायची आवड राहिली नाही म्हणून, असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. संच स्वस्त पडे तो जोडण्याची मजुरी वाचल्यामुळे. यंत्रेच यंत्र जोडू लागल्यावर मजुरी उरली नाही, आणि तयार माल सुट्या भागांपेक्षा स्वस्त झाला. असो.

खरेदीसाठी सर्वांत मोठा बाजार ओहायोतल्या हॅमव्हेन्शनचा. १९५२ मध्ये तो डेटनला सुरू झाला, २०१७ पासून जवळच्या झीनियाच्या जत्रेच्या मैदानावर मे महिन्यात भरतो. तिथे किंवा कुठेही, विकणाऱ्याने चालवून दाखवले नाही तर बिघडलेल्या यंत्राची किंमत द्यावी. "चालू असावा" या शब्दांचे पैसे देऊ नयेत.

नुसते ऐकायला लायसन्स लागत नाही, संदेश पाठवायला लागते. त्याला इथले नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागत नाही, हे आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत आहे. परदेशी सरकारचा प्रतिनिधी सोडून कोणालाही परीक्षा देता येते, अगदी कामाच्या व्हिसावर आलेल्यालाही. मोर्सची अट २००७ मध्ये गेली. पहिली परीक्षा ३५ प्रश्नांची आहे, पण एचडब्ल्यू-१०१ सारख्या संचावर मोकळेपणी बोलायचे तर दुसरी, जनरलची, परीक्षाही द्यावी.

आणि कोणी हा संच गावी न्यायचा विचार करत असेल तर तिकडच्या परवान्याशिवाय ट्रान्समीटर नेऊ नये. इथले जुने ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झचे असतात, आपल्याकडच्या ५० वर ते व्होल्टेज उतरवूनही जास्त तापतात.

माझ्याकडे व्हेरिअ‍ॅक आहे. ज्यांच्या घरी पेटी पडून आहे त्यांनी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात सांगावे, मी घेऊन येईन. तोपर्यंत प्लग बाहेरच असू द्या.