काळ्या पाषाणाची बखर

अकोल्याहून वाशीमकडे निघालेली गाडी पातूर मागे टाकून घाट चढू लागली, की वऱ्हाडची दोन्ही अंगे नजरेत भरतात. खाली पूर्णेकाठचा सपाट काळाभोर पाईनघाट, वर बालाघाटाचे माळरान. जुन्या दप्तरांत ही नावे मी कितीदा तरी वाचली होती. पण त्याहून जुनी दप्तरे या घाटाच्या दगडांतच बांधून ठेवलेली आहेत, हे मला फार उशिरा उमगले.

निमित्त घडले एका शेतकऱ्याचे. पातूरची लेणी पाहून परतताना तो भेटला. आटलेल्या विहिरीची गोष्ट निघाली, तसा म्हणाला, "पाऊस का आताच बिघडला, मास्तर? पहिलेबी बिघडेच ना!" मी पडलो इतिहासाचा शिक्षक. १८९९-१९०० चा दुष्काळ, १६३० चा दुष्काळ, एवढे मला सांगता आले. त्यापलीकडे कागद बोलेनात. तेव्हा भूशास्त्राची पुस्तके उघडली.

लेण्यांचा हा खडक म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. दख्खनमध्ये अशा दोन थरांच्या मध्ये ठिकठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. पहिला लाव्हा निवल्यावर दुसरा येईपर्यंत ऊनपावसाने त्याची केलेली ती माती! थरांमध्ये सापडलेल्या गाळातील वनस्पतींचे अवशेष बिरबल साहनी यांनी अभ्यासले. त्या ज्वालामुखींनी हवेत अपार कर्बवायू ओतला. पुढे तोच खडक पावसाने झिजत गेला आणि झिजता झिजता त्याने हवेतला कर्बवायू बांधून टाकला. आपली कपाशीची काळी जमीन ही त्याच झिजेची देणगी. मात्र हा हिशेब लाखो वर्षांचा.

माणसाच्या काळातला हिशेब हवा असेल, तर मालेगाव-मेहकरच्या वाटेने लोणारला जावे. या सरोवराला पाणी बाहेर जाण्यास वाट नाही; म्हणून पावसाचे उणेअधिक तळच्या गाळात नोंदले जाते. सुमारे १० मीटर गाळाचा उभा नमुना काढून शास्त्रज्ञांनी ११,००० वर्षांची बखर वाचली. पाणी आटून खारे झाले, की विशिष्ट क्षारांचे स्फटिक गाळात बसतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन प्रदीर्घ अवर्षणकाळ दिसले: एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

येथे मी थबकलो. वत्सगुल्माचे, म्हणजे आपल्या वाशीमचे, वाकाटक याच दुसऱ्या काळातले. अजिंठ्याचे वैभवही त्यांचेच! म्हणजे पाऊस उणावला की राज्य बुडालेच, असे सोपे गणित मांडता येत नाही.

तर शेतकरीदादाचे म्हणणे खरेच होते. पण ते अर्धे खरे. अंटार्क्टिकाच्या बर्फात कोंडलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे सांगतात, की आठ लक्ष वर्षांत कर्बवायू दहा लक्ष भागांत ३०० च्या वर फारसा गेला नव्हता. यंत्रयुगापूर्वी तो २८० च्या आसपास होता; आज तो ४२० च्या पुढे आहे. पूर्वी निसर्ग ज्या बदलाला हजारो वर्षे घेई, तो आपण कोळसा आणि तेल जाळून दोनअडीचशे वर्षांत घडवला. खडकाची झीज ही घाई कशी निस्तरणार?

पुन्हा पातूरला जाईन तेव्हा त्या दादाला एवढेच सांगेन: पाऊस पहिलेबी बिघडे, हे दगडही सांगतात, पण या वेळच्या बिघाडात आपला हात आहे. आणि ज्यात आपला हात आहे, ते आवरणेही थोडेबहुत आपल्याच हाती असते.