कान आणि हात

गेल्या श्रावणांत लातूरचे एक गृहस्थ आपल्या मुलास बरोबर घेऊन नांदेडास आमच्या घरीं आले. गृहस्थ शाळेंत शिक्षक. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत. मुलाच्या हातांत जुन्या संगणकाचा पत्रा कापून केलेली एक पेटी होती, आणि वडिलांच्या चेहऱ्यावर त्या पेटीविषयींची नाराजी. "सर, आठ महिने झाले, ह्याच्या डोक्यांत हेंच खूळ. हजार रुपये टाकले कीं बाजारांत चांगला हेडफोन मिळतो. तो कानाला लावावा अन् अभ्यास करावा. तुम्ही त्याला दोन शब्द सांगा." आम्हीं तें कबूल केलें, परंतु तेवढ्यांत मुलानें पेटी सुरू करून आपला हेडफोन आमच्या कानांवर चढविला, आणि आमचे दोन शब्द घशांतच राहिले. एका जुन्या बैठकीचें ध्वनिमुद्रण लागलें होतें. तंबोऱ्याच्या चार तारा आम्ही जन्मभर एकत्र ऐकत आलों होतों. त्या चार आहेत, आणि जोडीच्या दोन तारा एकमेकींहून किंचित् निराळ्या बोलतात, हें कानास त्या दिवशीं प्रथम कळलें.

पुढें त्या गृहस्थांस आम्ही काय बोललों, तें आतां नीट आठवत नाहीं. जें बोलावयास हवें होतें, तें सवडीनें येथें मांडीत आहों.

त्या पेटीस इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनचा ॲम्प्लिफायर म्हणतात. नांव अवजड आहे, तत्त्व अवघड नाहीं. नेहमींच्या हेडफोनांत लोहचुंबकाजवळ तारेचें एक लहानसें वेटोळें असतें. त्यांतून ध्वनीचा विद्युत्प्रवाह गेला कीं तें हालतें व त्यास चिकटलेल्या पडद्यास हालवितें. पडदा एका कड्याच्या जागीं ढकलला जातो. बाकीचा भाग मागून फरफटत येतो. इलेक्ट्रोस्टॅटिक प्रकारांत वेटोळेंहि नाहीं आणि लोहचुंबकहि नाहीं. एक-दोन मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाहून कित्येक पटींनीं पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मध्यें ताणून बसवितात व त्यावर स्थिर विद्युत्भार ठेवितात. आजच्या प्रचलित जपानी हेडफोनांत ह्यासाठीं ५८० व्होल्टचा दाब लागतो. दोन्ही पत्र्यांवरील दाब ध्वनीबरोबर उलटसुलट होऊं लागला, कीं एक पत्रा पडद्यास ओढतो त्याच क्षणीं दुसरा ढकलतो, आणि सबंध पडदा एकदम हालतो. म्हणूनच साधा ॲम्प्लिफायर येथें उपयोगी पडत नाहीं. ध्वनिमुद्रण वाजविणाऱ्या यंत्रांतून सुमारें दोन व्होल्टचा संकेत निघतो; ह्या पत्र्यांस कित्येकशें व्होल्ट हवे असतात, प्रवाह मात्र कांहीं मिलिअँपिअरचाच. थोडेंसें पाणी फार उंच चढवावयाचें, असा हा प्रकार आहे.

हें श्रीमंतांचें परदेशी खेळणें आहे, असा वडिलांचा आक्षेप. परंतु कानास लावावयाच्या यंत्रांचा इतिहास पाहिला, तर त्यांचा जन्म श्रीमंतीच्या घरीं झालेला दिसत नाहीं. अमेरिकेंतील यूटा प्रांतांत नॅथॅनियल बाल्डविन ह्यानें १९१० सालीं हेडफोन बनविले, ते आपल्या स्वयंपाकघरांत. अमेरिकेच्या आरमाराची मागणी आली तेव्हां एका वेळीं थोडेच देतां येतील, असें त्यास कळवावें लागलें. गॅलीनाच्या स्फटिकानें विद्युल्लहरी टिपण्याची युक्ति आमच्या जगदीशचंद्र बोसांची. तिचें अमेरिकन पेटंट त्यांस १९०४ सालीं मिळालें. अशा स्फटिकांच्याच बळावर पुढें विजेवांचून चालणारे रेडिओ घरोघर हातांनीं तयार झाले: तारेचें वेटोळें, स्फटिकाचा खडा, त्यास टेकणारी बारीक तार, आणि एक हेडफोन. मुंबईस १९२३ च्या जूनमध्यें प्रक्षेपण सुरू केलें तेंहि रेडिओ क्लब ऑफ बॉम्बे ह्या हौशी मंडळीच्या संस्थेनें. कंपनी आली ती मागाहून, २३ जुलै १९२७ रोजीं. ती बुडाली आणि १९३० मध्यें सरकारनें कारभार हातीं घेतला. म्हणजे आधीं हौस, मग व्यापार, मग सत्ता, असा हा क्रम आहे.

सत्तेच्या हातीं कान गेल्यावर काय होतें, हें १९४२ नें दाखविलें. महायुद्ध सुरू होतांच हौशी प्रेषकांस आपलीं यंत्रें सरकारजमा करावीं लागलीं होतीं. तरीहि उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुंबईंत गुप्तपणें यंत्र उभारून काँग्रेस रेडिओ चालविला. पोलिसांच्या तावडींतून सुटण्यासाठीं जागा बदलीत बदलीत तो १२ नोव्हेंबर १९४२ पर्यंत बोलत राहिला. त्या यंत्रामागें हौशी कारागिरीची विद्या होती. मात्र यंत्र उभारणाऱ्या तंत्रज्ञानेंच अखेरीस पोलिसांस माहिती दिली, हेंहि विसरतां कामा नये. हातांत कसब असलें म्हणजे मनाचा कणखरपणा आपोआप येतो असें नाहीं.

आमच्या मराठवाड्यास हा प्रश्न मुंबईहूनहि जवळचा आहे. १९३५ सालीं हैदराबादचें नभोवाणी केंद्र निजाम सरकारनें आपल्या ताब्यांत घेतलें. राज्याची कारभाराची भाषा उर्दू. नांदेड आणि लातूरची घरांतली भाषा मराठी. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांतील एक गांव होतें, आणि रझाकारांचा पुढारी कासिम रझवी त्याच गांवीं वकिली करीत असे. १९४८ च्या त्या वर्षीं येथील माणसाच्या कानीं काय पडावें, हें ठरविणारा हात त्याचा स्वतःचा नव्हता. १३ सप्टेंबर रोजीं भारतीय सैन्य सरहद्द ओलांडून आलें, आणि १७ तारखेस सायंकाळीं निजामानें नभोवाणीवरूनच युद्धबंदी जाहीर केली. एका राज्याचा शेवट लोकांनीं आधीं ऐकला, मग पाहिला. १९५० मध्यें हैदराबादचें व औरंगाबादचें, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरचें, अशीं दोन्हीं केंद्रें आकाशवाणींत विलीन झालीं. नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ सालीं स्थापन झालें, तेंहि १७ सप्टेंबरासच. लातूरचीं महाविद्यालयें ह्याच विद्यापीठाच्या कक्षेंत येतात. ज्या तारखेस आमचा कान मोकळा झाला, त्याच तारखेस आमच्या विद्येचें घर उभें राहिलें. त्या घरांत हातास काय काम आहे, हा विचार आम्हांस त्या पेटीमुळें सुचला.

पेटीच्या कुळाकडे पुन्हा वळूं. स्थिर विद्युताच्या पडद्यानें ध्वनि टिपतां येतो, हें अमेरिकेंत वेंट ह्यानें १९१६-१७ च्या सुमारास मायक्रोफोन करून सिद्ध केलें. त्याच तत्त्वावर बोलणारें यंत्र करण्याचा प्रयोग राइस व केलॉग ह्यांनींहि केला. पण १९२५ सालीं त्यांनीं पुढें आणला तो वेटोळ्याचाच लाउडस्पीकर, आणि जगानें तोच स्वीकारला. मागें पडलेलें तत्त्व १९५७ सालीं इंग्लंडांत पीटर वॉकर ह्याच्या क्वाड लाउडस्पीकरानें वर आलें, आणि १९६० च्या सुमारास जपानच्या स्टॅक्स कंपनीनें त्याचा हेडफोन केला. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीनें १९९१ सालीं काढलेला ऑर्फियस सुमारें ३०० च बनला. मागणी थोडी, म्हणून कारखाने थोडे. कारखाने थोडे, म्हणून किंमत लाखांच्या घरांत. अशा वेळीं जी वस्तु कंपन्यांस परवडत नाहीं ती हौशी माणसांस परवडते, कारण ते आपल्या श्रमाचें मोल धरीत नाहींत. गेल्या पंचवीस वर्षांत देशोदेशींच्या अशा माणसांनीं ह्या ॲम्प्लिफायरचे आराखडे सर्वांस खुले केले. बाल्डविनच्या स्वयंपाकघरांतून निघालेलें हें शास्त्र फिरून घराच्या टेबलावर आलें आहे.

त्या मुलानें हेडफोन जुना, वापरलेला घेतला. पेटी मात्र सर्वस्वीं हातांनीं केली. सुटे भाग कांहीं हैदराबादच्या गुजराती गल्लींतून आले, कांहीं पुण्याच्या तपकीर गल्लींतून. एवढ्या दाबास टिकणारे कांहीं जपानी ट्रान्झिस्टर आतां बनत नाहींत, आणि त्यांच्या नांवानें तोतये फिरतात. पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या तोतयाचा निकाल लावावयास पेशवाईस वर्षें लागलीं. ह्या मुलानें आपला तोतया मीटर लावून एका संध्याकाळीं ओळखला, तोहि अर्थात् पहिले दोन जळाल्यानंतर. श्रावणाच्या दमट हवेंत भार गळूं लागतो व कानांत चरचर ऐकूं येते, हेंहि त्यास नांदेडास आल्यावरच कळलें. २०१६ च्या उन्हाळ्यांत ज्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथील कोरडी हवा ह्या यंत्रास मात्र मानवते!

येथें एक गोष्ट गंभीरपणें सांगितली पाहिजे. कानाकडे जाणाऱ्या ५८० व्होल्टच्या वाटेवर कित्येक मेगओहमचा रोध असतो, त्यामुळें कानास भय नाहीं. पेटीच्या आंत तसें नाहीं. तेथील कपॅसिटर ४०० व्होल्टपर्यंत भरलेले असतात, आणि स्विच बंद केल्यावरहि त्यांतील साठा कांहीं काळ टिकून राहतो. शंभर मायक्रोफॅरडच्या एका कपॅसिटरांत अशा वेळीं आठ ज्यूल ऊर्जा असते. ती हृदयावाटे गेल्यास प्राण घेऊं शकते. म्हणून साठा रिता करणारा रोध कायमचा जोडावा, मीटरनें शून्य पाहिल्यावांचून हात घालूं नये, आणि चालू पेटीवर माप घेतांना डावा हात खिशांत ठेवावा. मुलानें हे नियम आम्हांस पाठ म्हणून दाखविले नाहींत. झाकण उघडतांना त्याचा डावा हात आपोआप खिशांत गेला. आम्हीं मनांतल्या मनांत त्यास तेथेंच उत्तीर्ण केलें.

वडिलांची काळजी आम्ही हलकी लेखीत नाहीं. 'लातूर पॅटर्न' हें नांव महाराष्ट्रभर झालें तें उगीच नव्हे. कोरडवाहू शेतकऱ्यांचीं मुलें त्या शिस्तीच्या बळावर डॉक्टर व इंजिनिअर झालीं, हा आमच्या भागाचा अभिमानाचा इतिहास आहे, आणि त्या शिस्तीवांचून हा मुलगाहि अभियांत्रिकीस पोंचला नसता. परंतु प्रश्नपत्रिकेंत उत्तराचे चार पर्याय छापलेले असतात, पेटींत नसतात. रोधाचें सूत्र त्यानें बारावींत शेंकडों वेळां लिहिलें होतें. रोध तापतो, त्याचा वास येतो, आणि तो वास येण्यापूर्वींच हिशेब करावयाचा असतो, हें त्यास ह्या आठ महिन्यांत समजलें. ज्या प्रदेशाचा कान एकदां परक्याच्या हातीं होता, तेथील मुलांनीं यंत्र केवळ विकत घेऊन थांबूं नये, एकदां तरी उघडून पाहावें, एवढेंच आमचें मागणें आहे.

निघतांना वडिलांनीं हेडफोन स्वतःच्या कानांवर ठेवला. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग त्यांनीं मुलास विचारलें, "ह्यांत तुझें काय आहे?" मुलगा थोडा थांबून म्हणाला, "आराखडा दुसऱ्याचा, बाबा. सामान विकतचं. डाग दिलेत ते माझे, अन् चुका माझ्या." वडिलांनीं हेडफोन काढला नाहीं, हातानेंच त्यास गप्प बसण्याची खूण केली. तंबोरा संपून गाणें नुकतेंच सुरू झालें होतें.

असो. त्या गृहस्थांनीं आम्हांस दोनच शब्द मागितले होते; ते एवढे लांबले, ह्याबद्दल त्यांनीं क्षमा करावी.